मंडईला जागा ठेवा, मग पाकिटांचं बोलू

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात रात्री साडेनऊला कोथिंबिरीची जुडी हवी असली तर दोनच मार्ग उरतात: फोनवरून मागवा, नाहीतर शेजारी मागा. त्याच संकुलाच्या फाटकाजवळच्या दुकानात नूडल्स, वेफर्स, क्रीमची बिस्किटं, गोठवलेली कटलेटं आणि खोक्यातले रस यांना मात्र कधी तोटा नसतो. तिथे राहणाऱ्या माणसाला रविवारची पुरवणी सांगते, अल्ट्रा-प्रोसेस्ड खाणं टाळा, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, घरचं खा. सल्ल्यात खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की जांभळी नाक्याच्या मंडईपासून चालत घर गाठणाऱ्याला तो फारसा लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याच्या वस्तीत तो पाळायची सोयच केलेली नाही.

हा प्रश्न आपण घरातल्या शिस्तीचा करून टाकला आहे. मला तो मुळात महापालिकेच्या आराखड्याचा वाटतो. भाजीवाली कुठे बसते, पिठाची गिरणी किती लांब आहे, पोळी-भाजी केंद्राला गाळा परवडतो की नाही, यावर रात्री ताटात काय पडणार ते ठरतं. घरातल्या माणसांचा निग्रह त्यानंतर येतो.

आधी शत्रू नेमका कोण, ते बघू, कारण याबाबत बराच गोंधळ आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोन्तेइरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ पासून ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात अन्नाचे चार गट आहेत. धान्य, डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासळी हा पहिला. तेल, तूप, साखर, मीठ असं रांधायला लागणारं सामान दुसऱ्यात. या दोहोंपासून केलेलं लोणचं, चीज, साधा ताजा पाव तिसऱ्यात. चौथ्या, म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड गटात कारखान्यातली ती उत्पादनं येतात, ज्यांत अन्न कमी आणि अन्नाचे सुटे केलेले भाग जास्त असतात: माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, वेगळी काढलेली प्रथिनं, इमल्सिफायर, ‘निसर्गसदृश’ स्वाद, आणि ६२७, ६३१ असे आकडे पांघरून बसलेले चव वाढवणारे क्षार. आपल्या फडताळात जे कधीच सापडणार नाही ते यादीत दिसलं, की तो चौथा गट समजावा.

म्हणजे पाकिटात आलं म्हणून बाटलं, असं नाही. पिशवीतलं दूध, साधं दही, पोह्यांचं पाकीट, गोठवलेले मटार, गव्हाचं बांधीव पीठ यांतलं काहीही चौथ्या गटात बसत नाही. उलट वडापाव त्या गटात मोडत नाही म्हणून तो पथ्याचा झाला, असंही नाही. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याची शेव बेसन, तेल आणि तिखट-मिठाचीच असते; पण वाटीभर खाल्ली तर पोट तिचा हिशेब ठेवतंच. या वर्गवारीला सगळ्या आजारांची कुंडली समजायचं कारण नाही. तिने एक गोष्ट मात्र नेमकी हेरली. काही पदार्थ आपण जास्त खावेत अशाच बेताने घडवलेले असतात.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २०१९ चा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवून घेतलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आहार, दोन आठवडे साधा रांधलेला. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच राखले होते, आणि हवं तितकं खायची मुभा होती. पाकिटांच्या आहारावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे ०.९ किलोने वाढलं. साध्या आहारावर जवळजवळ तेवढंच उतरलं. प्रयोग लहान होता, हे खरं. त्यातली एक नोंद मात्र क्वचितच कुणी सांगतं: साध्या आहाराचं सामान आठवड्याला १५१ डॉलरचं पडलं, दुसरं १०६ डॉलरचं. त्यातही रांधणाऱ्यांचा पगार धरलेला नव्हता.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये नवी आहारतत्त्वं प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराच्या खात्यात जातं, असा अंदाज त्यांत आहे आणि अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थ कमी करा असं स्पष्ट सांगितलं आहे. इथवर सगळे एकमताचे. पुढे काय करायचं म्हटलं की सगळे ग्राहकाकडे बोट दाखवतात.

ग्राहकाने काय करायचं? लेबल वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, हा आपल्याकडे नियम आहे आणि तो उपयोगी आहे. ‘मल्टिग्रेन’ म्हणून घेतलेल्या बिस्किटाच्या मागे पहिलं नाव मैद्याचं निघतं, मग साखर आणि पाम तेल, आणि पुढच्या चित्रातली ज्वारी-नाचणी शेवटाकडे दोन-तीन टक्क्यांवर येऊन बसलेली असते. पण हे वाचायचं कुणी आणि कधी? अक्षर मुंगीएवढं, बहुतेक वेळा इंग्रजी, छापलेलं चकाकत्या प्लास्टिकच्या घडीवर. मूल कडेवर, मागे बिलाची रांग. चष्मा घरी राहिलेल्या आजोबांनी सोडियमचे मिलिग्रॅम कसे मोजायचे? चिलीने २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात चांदण्या सुचवल्या, अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्या पद्धतीत साखरेचे वजा गुण तंतू, प्रथिनं किंवा सुक्यामेव्याच्या अधिक गुणांनी भरून काढता येतात, म्हणजे बिस्किटावर चार बदाम टोचले की अर्धी चांदणी वाढायची सोय. धोक्याच्या इशाऱ्याऐवजी शाबासकीची पाटी, असा तो प्रकार आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. जुलैत आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली.

करांची तऱ्हा याहून न्यारी. सुटं धान्य आणि सुटं पीठ यांवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बांधीव पिठावर मात्र ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला दर कमी झाले तेव्हा बिस्किटं १८ वरून ५ वर आली, पाकिटातलं नमकीन १२ वरून ५ वर, झटपट नूडल्सही ५ वर. साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के लावले, ते बरं झालं. पण गव्हाचं बांधीव पीठ आणि मसाल्याच्या पुडीसह येणाऱ्या मैद्याच्या नूडल्स सरकारच्या लेखी एकाच पायरीवर बसल्या. सणासुदीच्या तोंडावर वस्तू स्वस्त झाल्या म्हणून आपण खूश झालो. या दोन गोष्टींत सरकारने फरक करायला हवा होता, हे फार थोड्या जणांच्या मनात आलं.

लेबल झालं. दुसरा सल्ला घरी करण्याचा. ‘आमच्या आईच्या वेळी कुठे होती पाकिटं?’ हे वाक्य बोलणारा बहुधा पुरुष असतो, आणि त्या आईचा दिवस कसा जायचा हे त्याने फारसं पाहिलेलं नसतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं. जे पुरुष ते काम करतात त्यांची ८८ मिनिटं. आता महापे किंवा ऐरोलीच्या कंपनीतून सुटून, ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी अंगावर घेत ठाण्याला उतरून, रिक्षाच्या रांगेतून घरी पोहोचणाऱ्या बाईला सांगा, की बयो, मेथी निवड, वाल सोल, कणीक भिजव, आणि मुलाच्या छोट्या सुट्टीच्या डब्यात बिस्किटं देऊ नकोस. ती तुमच्याकडे बघून हसेल आणि पाण्याला उकळी आणायला ठेवेल. दोन मिनिटांच्या नूडल्सनी वेळ विकला. तो जिला कमी पडतो तिने विकत घेतला. यात तिचं काय चुकलं?

या पेचातून सुटायची वाट आपल्या शहरांनी केव्हाच शोधून ठेवली आहे. ती इतकी रोजच्या नजरेतली आहे की धोरण लिहिणाऱ्यांना दिसतच नाही. ठाणे स्टेशनाबाहेर संध्याकाळी ज्या बायका बसतात त्यांच्याकडे नीट पाहा. गोणपाटावर प्लास्टिकचं टब, टबात पाणी, पाण्यात सोललेले कडवे वाल. त्या वालांचा हिशेब मांडून बघा: रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. चार माणसांच्या बिरड्याला घरात तासभर तरी बोटं सुरकुतवून घ्यावी लागतात. इथे ते डब्याच्या मापाने मिळतं. शेजारी सोललेले मटार, थंडीत ओल्या तुरीचे दाणे आणि सोलाणे, तुकडे केलेला सुरण, देठं काढलेली अळूची पानं, मोडाची मटकी, निवडलेली मेथी, पाकळ्या सुट्या केलेला लसूण. पावसाळ्यात येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळं, कर्टोली, टाकळा अशा रानभाज्या घेऊन येतात आणि शेवळाबरोबर घशाची खाज मारायला काकडं ही छोटी आंबट फळं लागतात हे न विचारता सांगतात, त्यांचा वाटाही तयार ठेवतात.

हे सगळं प्रक्रिया केलेलंच अन्न आहे. सोललंय, भिजवलंय, मोड आणलेत, कापलंय. घरातल्या बाईचा तास या बाईने घेतला आणि त्याचे पैसे कमावले. वाल मात्र वालच राहिले.

गिरणीचंही तेच. नौपाड्यात किंवा कोपरीत अजून गिरणीत दळण टाकता येतं. डब्यावर नाव, चिठ्ठीवर ‘जाडसर’ किंवा ‘बारीक’, आणि वर ‘भाजणीनंतर आमचे गहू टाकू नका’ अशी ताकीद. लाडवांसाठी रवाळ बेसन हवं म्हटलं तर गिरणीवाला न बोलता पाट्याचं अंतर बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये तिथेच किंवा शेजारच्या कांडपात मिरचीची ठसक उठते. नव्या संकुलांत गिरणी नाही, कारण आवाज होतो, पीठ उडतं, आणि ‘सोसायटीच्या दर्जाला शोभत नाही’. हे शेवटचं कारण तोंडावर कुणी सांगत नाही, पण सभेत गाळ्याचा विषय निघाला की कळतं. मग थालीपिठाची भाजणी बंद होते, कारण ती दळणार कुठे? संध्याकाळच्या खाण्याची जी जागा रिकामी होते तिथे क्रीमचं बिस्किट अलगद येऊन बसतं. घरघंटी घेणारे घेतात. ज्याच्या स्वयंपाकघरात ती ठेवायला जागा आहे त्याची गोष्ट वेगळी.

आणि पोळी-भाजी केंद्र. नौपाडा, वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, कुठल्याही जुन्या वस्तीत चौकशी केली तर चार बायका मिळून चालवलेलं एखादं सापडतं. आजची भाजी खडूने फळीवर लिहिलेली, पोळ्या मोजून कागदात, आठला गेलात तर उरलेली एकच उसळ. एकट्याने राहणाऱ्या मुलामुलींना आणि स्वयंपाक न झेपणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना ही केंद्रं जेवढी सांभाळतात तेवढं कुठलंच आहार अभियान सांभाळत नाही. त्यांना अडवतं काय? भाडं. नव्या संकुलाच्या तळमजल्याचं भाडं सलूनला, बँकेला, पिझ्झाच्या साखळीला झेपतं. बारा पोळ्या विकून ते निघत नाही.

या मंडळींचं आपण काय केलं? २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं. ठाण्याच्या पश्चिमेला सहाच्या सुमारास ज्याने वाट काढली आहे तो या मनाईला मूर्खपणा म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. लोकांना चालायला जागा पाहिजेच. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे: सर्वेक्षण करा, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती नेमा, विक्रीची क्षेत्रं आखा, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या. हटवायचं काम गाडी आणून संध्याकाळपुरतं उरकता येतं. बसवायच्या कामाला नकाशा लागतो, म्हणून ते मागे पडतं. आणि जिथे मंडईची इमारत बांधली जाते तिथे ती हमखास आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून फटकून असते. ओटे रिकामे राहतात, भाजीवाले पुन्हा रस्त्यावर येतात, आणि ‘यांना शिस्तच नको’ असा निष्कर्ष निघतो. भाजी ही घरी जाताना घ्यायची वस्तू आहे. तिच्यासाठी वाकडी वाट कुणी करत नाही.

नवी मुंबईत ही विसंगती आणखी ठळक आहे. फळं आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये मुंबईतून तुर्भ्याला आला. नाशिक, पुणे, सातारा, कर्नाटक, गुजरातकडचे ट्रक रात्रभर तिथे रिकामे होतात, आणि पहाटे त्यांतून कोथिंबीर उचलून टेम्पो मुंबईभर पांगतात. २०१६ पासून शेतकऱ्याला फळं-भाज्या बाजार समितीच्या बाहेर थेट विकायची मुभा आहे, त्यातून शेतकरी आठवडी बाजारही सुरू झाले. एवढा माल दाराशी उतरत असताना शेजारच्या वसाहतीतला माणूस भाजी मागवतो ती दहा मिनिटांत पोहोचवणाऱ्या ॲपवरून. ते ॲप भाजी आणतं, खोटं कशाला बोला? अडल्या वेळी फार उपयोगी पडतं. पण पालकाची जुडी टाकली की ठरलेल्या रकमेच्या आतल्या बिलाला पोहोच शुल्क पडेल म्हणून ते वेफर्स आणि चॉकलेट पुढे करतं. भाजीवाली आग्रह करते तो कढीपत्ता घेण्याचा.

एक आक्षेप खरा आहे: टबातलं पाणी कुठलं? रस्त्याकडेच्या भाजीवर धूळ किती? सोललेले वाल स्वच्छ पाण्यात हवेत, हे मान्य. पण त्या बाईला नळ कुणी दिला आहे? ओटा, नळ, छप्पर, रात्री दहापर्यंत दिवा आणि जवळ स्वच्छतागृह एवढं दिलं तर या आक्षेपाचा बराचसा भाग गळून पडतो. सार्वजनिक आरोग्यावरचा एवढा स्वस्त खर्च दुसरा सुचवून दाखवावा.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. हे सगळं ज्यांच्याकडे चूल आणि घर आहे त्यांच्यासाठी झालं. वागळे इस्टेटच्या आसपास एकाच खोलीत सहा-सात जण राहतात, आळीपाळीने झोपतात. संकुलाच्या फाटकावरचा पहारेकरी बारा तास उभा असतो आणि चहाबरोबर पाच रुपयांचा बिस्किटपुडा हेच त्याचं एक जेवण असतं. त्याला मोडाची मटकी काय करायची? त्याला शिजलेलं हवं, गरम आणि परवडणारं. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, हे त्याच्या प्रश्नाला बरंच जवळचं उत्तर होतं. अशी केंद्रं रिक्षातळ, कामगार नाके आणि रुग्णालयांजवळ हवीत आणि त्यांची देयकं वेळेवर निघायला हवीत. ती नसतील तर पाच रुपयांच्या पुड्याशी स्पर्धा करायला दुसरं कुणीच नाही.

शाळांसाठी नियम २०२० पासून आहे: आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. सीबीएसईने २०२५ मध्ये साखर किती खावी हे सांगणारे फलक लावायलाही सांगितलं. फलक लागले. ५० मीटर कुणी मोजले का, ते पालक सभेत विचारावं.

मोठ्या भूखंडावर बांधकामाची परवानगी मिळताना सुविधा क्षेत्र सोडावं लागतं. त्याच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून, गिरणीचा एक, पोळी-भाजीचा एक आणि भाजीच्या ओट्यांचा एक भाग महापालिकेने ठरवलेल्या भाड्यात राखून ठेवा, अशी अट घालता येईल. बसथांबे आणि येऊ घातलेली मेट्रो स्थानकं जिथून माणूस घराकडे वळतो, तिथेच विक्री क्षेत्र आखता येईल. विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षित भूखंड असतात. आपल्या प्रभागात ते कोणते आणि आज त्यांवर काय उभं आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. अर्जात दुसरा प्रश्नही जोडावा: नगर पथविक्रेता समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्या इतिवृत्ताची प्रत मिळेल का?